कुणाच्या तरी हातून



औंढ्यात बोलायला उभं राहिलेल्या माणसाला नामदेवांना ओलांडून पुढे जाता येत नाही. कथा इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तेरढोकीला गोरोबाकाकांनी थापटणं हातात घेतलं, संतमंडळींची डोकी एकेक करून तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. विठ्ठलाशी रोज बोलणारा, त्याला हाताने घास भरवणारा हा लाडका भक्त मग रडवेला होऊन गुरूच्या शोधात निघाला आणि नागनाथाच्या या देवळात पोचला. समोर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. पुढचं सांगायला नको.

या कथेतला एकच धागा आजच्या विषयासाठी उचलायचा आहे. नामदेवांच्या भक्तीत खोट नव्हती, देवही त्यांच्यापासून दूर नव्हता. तरी त्यांना दुसऱ्या माणसाच्या दारात जावं लागलं. जे हवं होतं ते कुणाच्या तरी हातूनच मिळणार होतं.

कॅथलिक माणूस आपली श्रद्धा कशी जगतो, हा आजचा विषय. मराठवाड्यातल्या बहुतेकांना चर्च बाहेरून माहीत असतं. नाताळची चांदणी, फादरांचा पांढरा झगा, सिस्टरांचा दवाखाना, कॉन्व्हेंटची शाळा. आतल्या जगण्याची मांडणी मात्र नामदेवांच्या त्या अनुभवाशेजारी ठेवून पाहिली तर लवकर उमगते. कॅथलिक परंपरेत सात संस्कार आहेत: स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. कुणीही स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करू शकत नाही. स्वतःच्या पापांना स्वतःच क्षमा देऊ शकत नाही. आजारी धर्मगुरूलाही तेल लावायला दुसरा धर्मगुरू लागतो. लग्नात तर गंमत अशी की, रोमन परंपरेप्रमाणे तो संस्कार धर्मगुरू देतच नाहीत. वधू वराला देते, वर वधूला देतो आणि फादर चर्चच्या वतीने साक्षीला उभे असतात. मार्च 2014 मध्ये रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात पोप फ्रान्सिस लोकांची पापनिवेदनं ऐकायला निघाले होते. वाटेत ते एका साध्या धर्मगुरूपुढे सगळ्यांच्या देखत गुडघे टेकून बसले आणि आधी स्वतःचं पापनिवेदन केलं. जगभरच्या कॅथलिकांच्या प्रमुखालाही यातून सुटका नाही.

इथे गुरुपरंपरेहून एक मोठा फरक आहे आणि तो झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. विसोबांकडे नामदेव गेले ते विसोबांच्या अधिकारामुळे, त्यांच्या अनुभवामुळे. कॅथलिक संस्कारात देणाऱ्याची साधुता मोजली जात नाही. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावर मोठा वाद पेटला. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? दोनातपंथी म्हणवणारा कडवा गट म्हणाला, नाही. संत ऑगस्टिनने उत्तर दिलं की हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच आहे. चर्चने ऑगस्टिनची बाजू घेतली. त्याचं टोक आजच्या धर्मविधानातही दिसतं. मूल दगावण्याची भीती असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. प्रसूतिगृहातली नर्स, शेजारीण, स्वतः ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. पाणी ओतायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने ते शब्द उच्चारायचे आणि चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू मनात हवा. एवढं पुरतं.

साध्या भाविकाला हा मोठा आधार आहे. फादर चिडके असोत, आळशी असोत, त्यांच्या हातून मिळालेली क्षमा पक्की असते. पण याच शिकवणीची सावलीही आहे. हातांचं पावित्र्य मोजायचं नाही असं ठरलं की हातांना जाब विचारायचाही राहून जातो. गेल्या काही दशकांत जगभरच्या चर्चमधून लहान मुलांवरच्या अत्याचारांची जी प्रकरणं बाहेर आली, ती दडपली जाण्यामागे हा राहून गेलेला जाबही होता. संस्कार पक्का राहतो म्हणून माणूस सुटत नाही, हे चर्चला फार उशिरा आणि फार मोठी किंमत देऊन शिकावं लागलं.

मराठी मुलखात हे संस्कार पोचले कसे, ते आता थोडक्यात पाहू. वसई 1534 साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. त्यांच्या राजवटीत देवळं पाडली गेली, जुलूम झाला, गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय बसलं. हा इतिहास नाकारण्यात अर्थ नाही आणि जाणत्या ख्रिस्ती लेखकांनी तो नाकारलेलाही नाही. खरी कसोटी लागली ती 1739 मध्ये. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, परदेशी संन्यासी निघून गेले. राजाच्या जोरावर टिकलेली श्रद्धा राजाबरोबर जायला हवी होती. ती गेली नाही. इथलेच धर्मगुरू, इथलेच शेतकरी आणि मच्छीमार यांनी चर्च चालू ठेवलं. रविवारची उपासना आणि बाप्तिस्मे पेशवाईतही होत राहिले. खुद्द पुण्यात 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, त्यांनी दिलेल्या जागेवर, त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती मंडळींसाठी चर्च उभं राहिलं. क्वार्टर गेटजवळचं हे सिटी चर्च आजही चालू आहे.

पण त्याही आधी एका माणसाने मराठीवर जीव लावला होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा, जेझुइट संघातला धर्मगुरू 1579 साली गोव्यात उतरला आणि 1619 साली तिथेच वारला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे 11 हजार ओव्यांचा हा ग्रंथ कपाटात ठेवायला लिहिलेला नव्हता. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि कानांना ओवीची सवय होती. त्या कानांसाठी तो लिहिला गेला, चर्चमध्ये रविवारी नि सणाला वाचला गेला, घरोघर गायला गेला. मराठी वाचकाला देवनागरीत तो हाती मिळायला 1956 साल उजाडलं, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीमुळे.

आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. इथे पोर्तुगीज आले नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जर्मन जेझुइट 1870च्या दशकाअखेर पोचले. निजामाच्या मुलखात, गंगापूर-वैजापूरच्या पट्ट्यात, फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतातून आलेले फ्रान्सलियन मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात घोगरगावला स्थिरावले. ज्यांच्या नावाने त्यांचा संघ ओळखला जातो ते संत फ्रान्सिस द सेल्स जिनिव्हाचे बिशप होते. 1609 मध्ये त्यांनी भक्तिजीवनावर एक पुस्तक लिहिलं, तेही मठातल्या जोग्यांसाठी नव्हे, संसारी माणसांसाठी. शिपायाची भक्ती शिपायासारखी, कारागिराची कारागिरासारखी, लग्न झालेल्या बाईची तिच्या संसारासारखी असावी, असा त्यांचा आग्रह होता. सावता माळी आणि गोरा कुंभार ज्यांच्या घरचे आहेत त्यांना हे नव्याने पटवून द्यावं लागत नाही. 17 डिसेंबर 1977 रोजी अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत झाला. मराठवाड्यातल्या कॅथलिकांचं ते घर.

या भागात बाप्तिस्मा घेणारे बहुतेक महार आणि मांग वाड्यांतले लोक होते. दुष्काळ लागोपाठ पडत होते. 1876 ते 78 चा, मग 1896-97 चा, लगेच 1899-1900 चा. मिशनऱ्यांनी धान्य दिलं, अनाथ मुलं सांभाळली आणि म्हणून हे ‘पोटासाठी झालेले’ ख्रिस्ती, असा टोमणा शतकभर ऐकू येतो. भुकेल्याला भाकर देणाऱ्याबद्दल ओढ वाटली तर त्यात कमीपणा कसला? आणि केवळ भाकरीचा सौदा असता तर दुष्काळ सरल्यावर तो मोडला असता. चौथी-पाचवी पिढी आजही रविवारी चर्चला जाते. ज्या माणसाला पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्याच्या डोक्यावर कुणीतरी हाताने पाणी घातलं, त्याला नावाने हाक मारली. जेवणाच्या पंगतीला बसवलं. त्या स्पर्शाचं मोल ज्याला तो कधी नाकारला गेला नाही त्याला समजणं अवघड आहे.

मात्र जात चर्चच्या दारात चपलांबरोबर उतरवून ठेवली गेली, असंही झालेलं नाही. लग्नं जातीतच ठरतात, काही ठिकाणी दफनभूमीतही भिंती उभ्या राहिल्या. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी 2016 च्या डिसेंबरात दलितांविषयीचं धोरण जाहीर करून चर्चमधला भेदभाव हे पाप असल्याचं मान्य केलं. दुसरीकडे कायद्यानेही या लोकांना कोंडीत पकडलं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणजे गावाच्या नजरेत तो जुन्याच जातीचा आणि सरकारच्या कागदावर जात नसलेला. श्रद्धेसाठी रोज चुकवावी लागणारी ही किंमत आहे. कॅथलिक जीवनाबद्दल बोलताना ती गाळून चालणार नाही.

आता घरात जाऊ. कॅथलिक घरातली प्रार्थना म्हणजे मुख्यतः रोजरी, पवित्र जपमाळ. संध्याकाळी दिवेलागणीला, टीव्ही बंद करून, भिंतीवरच्या मरियामातेच्या तसबिरीपुढे घर जमतं. बहुधा घरातली सर्वांत म्हातारी बाई सुरुवात करते. माळेत 59 मणी. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, दहा लहान मण्यांवर दहा वेळा मरियेची प्रार्थना, शेवटी त्रैक्याची स्तुती. अशी पाच दशकं. प्रार्थनेचा अर्धा भाग सांगणारीने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. त्यामुळे एकट्याने माळ ओढली तरी दुसऱ्याची जागा रिकामी असल्यासारखी वाटते. प्रत्येक दशकाला ख्रिस्ताच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली जोडले.

बाहेरच्याला ही घोकंपट्टी वाटते. नामस्मरण ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना वाटणार नाही. तिसऱ्या दशकाला लहान मुलं पेंगायला लागतात, कुणाचं तरी लक्ष चुलीवरच्या भाताकडे असतं, तरी तोंड चालू राहतं. प्रार्थनेच्या शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं घेतात. कर्जाची, पावसाची, नोकरीच्या मुलाखतीची विनंती होते. लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा आणि मग पानं वाढायची. शिकवणीच्या वर्गात मुलाला जे धर्मशिक्षण मिळतं त्याहून पुष्कळ जास्त त्या पेंगत ऐकलेल्या अर्ध्या तासात मिळतं. शहरात हा अर्धा तास आता सगळ्यांत आधी गळतो, आणि तो गळाला की बाकीचं टिकवणं जड जातं.

चर्चमधली मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. आधी शास्त्रवाचनं आणि प्रवचन, मग भाकर आणि द्राक्षारस यांचं अर्पण, मग ख्रिस्तशरीराचा स्वीकार. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात बांधलेली असतात, त्यामुळे ज्याला अक्षर वाचता येत नाही अशी मजूर बाईही नेमाने आली तर तीन वर्षांत शुभवर्तमानांचा मोठा भाग तिच्या कानावरून जातो. वेदीवरची भाकर मात्र गव्हाचीच लागते, खमीर न घातलेली. ज्वारीच्या मुलखातही तो नियम बदलत नाही. आपली भाकरी तिथे चालत नाही, पण अर्पणाच्या वेळी खेड्यातली माणसं शेतातलं धान्य, भाजी, फळं घेऊन वेदीपर्यंत येतात. वसई-उत्तनकडे भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आणून आशीर्वादित करायची आगेरा ही जुनी चाल आहे. लोंब्या घरी नेऊन त्यांचे दाणे जेवणात मिसळतात.

ही सगळी उपासना पूर्वी लॅटिनमध्ये चाले. लोक जपमाळ ओढत बसायचे आणि घंटा वाजली की माना झुकवायचे. 4 डिसेंबर 1963 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर करून लोकभाषेला दार उघडलं. वर्षभरातच पोप पॉल सहावे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर काँग्रेसला आले. 1969 साली भारतातल्या उपासनेसाठी रोमने बारा बदलांना संमती दिली: जमिनीवर बसणं, वहाणा बाहेर काढणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, समई, उदबत्ती, आरती. काही ख्रिस्ती लोकांना हे परकं वाटलं, हिंदूंची नक्कल वाटली. तर काही हिंदूंना यात फसवणूक दिसली. दोघांचाही गैरसमज एकच होता की समई कुण्या एका धर्माच्या मालकीची आहे. खेड्यातल्या चर्चमध्ये ढोलकी-पेटीवर भजन चालू असताना बाहेरून जाणाऱ्याची पावलं आपसूक थबकतात. तिथे वाद उरत नाही.

मराठी संतांकडे कॅथलिकांनी केवळ शिष्टाचार म्हणून पाहिलेलं नाही. गी द्‌लरी हे फ्रेंच जेझुइट वारकऱ्यांबरोबर पंढरीला चालत गेले आणि विठोबावरचा त्यांचा अभ्यासग्रंथ 1960 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. वसईचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या देवानुभवावर प्रबंध लिहिला. आणि धाराशिवला जानेवारी 2020 मध्ये 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. विरोध झाला, धमक्या आल्या, पाठीच्या दुखण्याने त्यांना धड उभंही राहवत नव्हतं, तरी ते आले आणि बोलले. मराठवाड्याच्या भूमीवर हे घडलं याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

दिब्रिटोंचं नाव निघालं की धर्मग्रामाचं काम म्हणजे काय, हेही निघतं. कॅथलिक माणूस ज्या परिसरात राहतो तिथलं चर्च, तिथले फादर आणि तिथली सारी कुटुंबं मिळून धर्मग्राम होतो. तो निवडायचा नसतो, वाट्याला येतो. ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे तोच शेजारी रविवारी बाकावर शेजारी असतो, आणि मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर घेण्याआधी त्याला शांती द्यावी लागते. 1918 साली वसईत मोन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी बॅसीन कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. आज ती मोठी बँक आहे. नगर जिल्ह्यात 1903 मध्ये हाइनरिश डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं, 1955 मध्ये वसईत ‘सुवार्ता’ निघालं. दिब्रिटो पुढे पंचवीसेक वर्षं ‘सुवार्ता’चे संपादक राहिले आणि त्यांनी त्या मासिकाचा दरवाजा सगळ्या मराठी लेखकांना उघडून दिला. 1980च्या दशकाअखेर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डर आणि गुंडांची धाड पडली तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या अग्रभागी हाच धर्मगुरू होता. सकाळी वेदीवर भाकर उचलणारे हात दुपारी मोर्च्यात फलक धरतात, यात अनेकांना विसंगती दिसली. खरं तर गहू आणि द्राक्षं पिकवणारी जमीनच गेली तर वेदीवर ठेवायचं काय? 25 जुलै 2024 रोजी दिब्रिटो गेले.

धर्मग्राम वर्षातून एकदा गावाबाहेरही पडतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. मरियेच्या जन्माच्या सणाला धरून, आधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग मुख्य दिवस. नगर, नाशिक, पुणे आणि मराठवाड्यातून माणसं येतात, कित्येक पायी. ख्रिस्ती नसलेलेही मोठ्या संख्येने असतात. नवस बोलले जातात, फेडले जातात. मेणबत्त्या, फुलं, पाळणे. शिकलेल्या ख्रिस्ती मंडळींपैकी काहींना हा सगळा प्रकार अंधश्रद्धेकडे झुकलेला वाटतो. काही नवसांबद्दल ते बरोबरही असतील. पण पोर आजारी असलेल्या आईने मातेपुढे जाऊन रडावं, यात दुरुस्त करण्याजोगं काही दिसत नाही.

पापनिवेदनाबद्दल बाहेर पुष्कळ कुतूहल असतं. सिनेमाने जाळीच्या आडचा फादर सगळ्यांना दाखवला आहे. प्रत्यक्षात गोष्ट साधी असते. शनिवारी संध्याकाळी चार-सहा माणसं ओळीने थांबलेली, प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. ऐकलेलं धर्मगुरूने कुणालाही, कोर्टालाही सांगायचं नाही. गुपित सरळ फोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. क्षमा मिळते, पण फुकट नाही. चोरलेलं परत करावं लागतं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव धुऊन काढावं लागतं. भावाचा वाटा दाबून बसलेल्याला ‘देवाजवळ कबूल केलं’ म्हणून मोकळं होता येत नाही. हिशेब भावाशी पुरा करावाच लागतो.

मार्च 2020 मध्ये हे सारं एकाएकी थांबलं. चर्चना कुलपं लागली, नागनाथाचं देऊळही बंद झालं. मिस्सा मोबाईलवर दिसायला लागला, पण मोबाईलवरून ख्रिस्तशरीर मिळत नाही, तेल लागत नाही, बाप्तिस्मा होत नाही. त्या वर्षी आळंदी-देहूच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकरी घरी बसून तळमळले. दोन्हीकडची तळमळ एकाच जातीची होती. देव घरातही आहे हे वारकऱ्याला माहीत होतं, कॅथलिकालाही माहीत होतं. उणीव होती ती माणसांची. आजारपणात शेवटचं तेल लावायला फादर पोचू शकले नाहीत, अंत्यविधीला चारच माणसं आली, या जखमा अजून ओल्या आहेत.

हातातून हातात जाणारी एक गोष्ट जवळून दाखवतो. ईस्टरआधीच्या गुरुवारी, म्हणजे पुण्यगुरुवाराच्या सुमारास, बिशप आपल्या महामंदिरात धर्मप्रांतातल्या साऱ्या फादरांना बोलावतात आणि तीन तेलांना आशीर्वाद देतात: एक आजाऱ्यांचं, एक बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचं, तिसरं सुगंध मिसळलेलं. मराठवाड्यातल्या फादरांनी छत्रपती संभाजीनगरहून ते तेल लहान बाटल्यांत भरून एसटीने, मोटारसायकलवरून आपापल्या गावी न्यायचं. वर्षभर तेच पुरवायचं. त्यातल्या सुगंधी तेलाने खेड्यातल्या बाळाच्या टाळूवर क्रूसाची खूण होते. बाप्तिस्म्यानंतर फादर कपाटातून जाड नोंदवही काढतात. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममाता-धर्मपिता, तारीख, सही. शाई वाळेपर्यंत पान पलटायचं नाही.

पंचवीस वर्षांनी ते बाळ पुण्याच्या चाकण नाहीतर रांजणगावच्या कारखान्यात कामाला असतं. लग्न ठरतं. तिथले फादर पहिलाच कागद मागतात तो बाप्तिस्म्याचा दाखला, तोही ताजा, सहसा सहा महिन्यांच्या आतला. मग गावी फोन जातो. जुनी वही उघडली जाते, दाखला लिहून पाठवला जातो. लग्न लागलं की पुण्याचं चर्च ते गावच्या चर्चला कळवतं आणि त्या मूळ नोंदीसमोर, समासात, लग्नाची तारीख, जागा आणि जोडीदाराचं नाव चढतं. पुढे तो धर्मगुरू झाला असता तर ती नोंदही तिथेच झाली असती. गाव सोडून कितीही लांब गेलेला कॅथलिक त्या वहीच्या बाहेर जात नाही. म्हणून आज खेड्यातले तरुण निघून जात असताना, प्रार्थनेला म्हातारी माणसंच उरली असताना, मराठवाड्यातल्या लहान धर्मग्रामांना आधार देणं हे शहरांतल्या मोठ्या आणि सधन चर्चचं काम आहे. त्यांच्या बाकांवर बसणारी कित्येक माणसं याच वह्यांतून आलेली आहेत.